40,891 आणि 918 यांच्या मधली माणसे

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या 40,891 माणसांची नोंद ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ यांऐवजी ‘इतर’ या रकान्यात झाली. तीन वर्षांनी, 2014 च्या लोकसभा निवडणुकीला, राज्याच्या मतदारयादीत ‘इतर’ म्हणून नोंदलेले मतदार होते 918. जनगणनेच्या आकड्यातून सहा वर्षांपर्यंतची 4,101 मुले वजा करा, उरतात 36,790. म्हणजे चाळीस जणांमागे एक मतदार. सात ते सतरा वयाची मुलेही ढोबळमानाने बाजूला काढली, तरी हिशेब तिसांत एकाच्या पुढे फारसा सरकत नाही.

मग बाकीचे एकोणतीस गेले कुठे? बरेचसे यादीतच असणार, पण ‘पुरुष’ म्हणून, जन्मनावाने. काहींचे नाव घर सुटले तेव्हा गावच्या यादीतून गेले आणि शहराच्या यादीत कधी चढलेच नाही. रकाना नव्हता ही सबब इथे चालत नाही, कारण निवडणूक आयोगाने ‘इतर’ हा पर्याय 2009 मध्येच दिला होता. त्यात नाव घातल्याने पदरात काय पडणार आणि हातचे काय जाणार, हा खरा प्रश्न होता. तृतीयपंथी आणि समलिंगी माणसांविषयीची आपल्याकडची जवळपास सगळी आकडेवारी याच प्रश्नातून घडलेली आहे. किती जणांना खरे सांगणे परवडले, एवढेच ती सांगते.

जनगणनेच्या तक्त्यात लिंगासाठी तीन सांकेतिक अंक होते. पुरुष 1, स्त्री 2, इतर 3. हा तीन प्रगणकाने स्वतःच्या अंदाजाने लिहायचा नव्हता, घरच्यांनी सांगितले तरच लिहायचा. आता घरच्यांच्या वतीने बोलणार कोण, तर कुटुंबप्रमुख. आणि प्रगणक बहुधा शाळामास्तर, आसपासच्याच शाळेतला, तोंडओळखीचा. त्याच्यासमोर ‘धाकट्याच्या नावापुढे तीन लिहा, गुरुजी’ असे म्हणायला कुठल्या बापाची जीभ रेटेल? तरीही देशभरात 4,87,803 वेळा तीन लिहिला गेला. त्यात सहा वर्षांपर्यंतची 54,854 मुले आहेत, हे जरा खटकते. या आकड्यात लिहिण्यातल्या चुकांचाही वाटा असणार, हे धरूनच तो वाचलेला बरा.

त्यातला एक तपशील मात्र मला फार मोलाचा वाटतो. या नोंदींपैकी सुमारे 66 टक्के ग्रामीण भागातल्या होत्या. देशाच्या एकूण लोकसंख्येत ग्रामीण वाटा तेव्हा साधारण 69 टक्के होता, म्हणजे फरक जेमतेम. ‘ही सगळी मुंबई-पुण्याची थेरं’ असे पारावर ठासून सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. साक्षरतेत मात्र असा सारखेपणा नाही. देशात ‘इतर’ रकान्यातली साक्षरता सुमारे 56 टक्के होती, महाराष्ट्रात 67 ते 68. राज्याची एकूण साक्षरता तेव्हा 82 टक्क्यांच्या पुढे होती. हा पंधरा टक्क्यांचा खड्डा शाळेच्या वर्गात पडतो. चालण्याबोलण्यावरून चिडवले जाणारे पोर लवकर शाळा सोडते आणि घरात सांगते की अभ्यासात डोके चालत नाही.

सोलापूर जिल्ह्याची 2011 ची लोकसंख्या 43,17,756. राज्यात ‘इतर’चे प्रमाण लाखाला 36 पडते. तोच दर इथे लावला तर जिल्ह्यात साधारण 1,570 जण यायला हवेत, अकरा तालुक्यांत वाटले तर तालुक्याला 140 च्या आसपास. हे त्रैराशिक आहे, मोजणी नव्हे. शिवाय सोलापूर कर्नाटकाच्या हद्दीवरचा जिल्हा, इथे यल्लमाची भक्ती घरोघर. साडी नेसून, कपाळाला भंडारा लावून, हातात परडी घेऊन मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायला आलेल्या जोगत्याला गाव देवीचे माणूस म्हणून ओळखते. बायका त्याच्या परडीत पीठमीठ घालतात, पाया पडतात. त्याच्या रेशनकार्डावर मात्र पुरुषाचे नाव असते. एक, दोन, तीन यांपैकी त्याचा अंक कोणता? देवळात त्याला जागा आहे आणि तक्त्यात नाही, अशी ही उफराटी गत.

याच जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचे गाव आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये तिथल्या मतदारांनी ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिले. राज्यातले पहिले तृतीयपंथी सरपंच म्हणून त्यांचे नाव देशभर छापून आले. पाठिंबा भाजपचा होता आणि लढत एकास एक नव्हती, समोर सहा जण उभे होते. तीन हजार वस्तीच्या गावात लाखाला 36 या दराने ‘इतर’ रकान्यातले माणूस येते एक. म्हणजे अशा गावात तृतीयपंथी उमेदवार उभा राहिला, तर त्याच्या ‘समाजाचे’ मत एकच, तेही त्याचे स्वतःचे. बाकीची सगळी मते पुरुषांची आणि बायकांची, भावकीतल्या आणि भावकीबाहेरच्या लोकांची. जात, पाहुणेपणा, पाणी, डांबरी रस्ता, कोण वेळेला धावून येतो, या नेहमीच्याच हिशेबाने ती पडतात. ‘यांची मते किती?’ असे विचारून तृतीयपंथी कार्यकर्त्यांची बोळवण करणाऱ्या पुढाऱ्यांना तरंगफळने परस्पर उत्तर देऊन टाकले.

यात निवडणुकीच्या पद्धतीचाही हात आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. जुलै 2017 मध्ये राज्य सरकारने सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या तीनच महिन्यांत तरंगफळचे मतदान झाले. त्याआधी निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. सात, नऊ किंवा अकरा सदस्यांची मोट बांधायची, काठावरच्याला सहलीला न्यायचे, वर्षभरात अविश्वास आणायचा, हे सगळे आपल्याला पाठ आहे. त्या बंद खोलीत एखाद्याचे नाव कापायला ‘लोक काय म्हणतील’ एवढे एक वाक्य पुरते. थेट निवडणुकीत लोक काय म्हणतात ते मतपेटीतूनच कळते. थेट निवडीचे तोटेही आहेत, एकाच घराण्याची सद्दी तिनेही वाढवली आहे. महाविकास आघाडी सरकारने 2020 मध्ये ती पद्धत रद्द केली आणि 2022 मध्ये ती पुन्हा आली. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात तृतीयपंथी उमेदवार यातल्या कुठल्याच वेळी नव्हता. दार दुसऱ्यासाठी उघडले होते, त्यातून कांबळे आत आले.

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला दार मुद्दाम लावले गेले. तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांनी महिलांच्या जागेसाठी भरलेला ग्रामपंचायतीचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्यांनी बाद केला. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि त्याच महिन्यात त्या निवडूनही आल्या. न्यायालयाने आधार घेतला तो स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याच्या हक्काचा. हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालात मान्य केला होता. त्या खटल्यात ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी स्वतः पक्षकार होत्या. दिल्लीतला निकाल भादलीच्या अर्ज छाननीच्या टेबलापर्यंत पोचायला पावणेसात वर्षे लागली, आणि तीही एका उमेदवाराने खंडपीठ गाठले म्हणून.

‘यांची संख्या किती’ हा प्रश्न फक्त पुढाऱ्यांचाच होता असे मानू नये. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 पुन्हा जिवंत केले, तेव्हा निकालपत्रात दोन संख्यात्मक कारणे होती. एक, समलिंगी आणि तृतीयपंथी माणसे लोकसंख्येचा नगण्य अंश आहेत. दोन, दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेपेक्षा कमी लोकांवर खटले चालले. माणसे थोडी, खटले थोडे, मग तक्रार कसली, असा त्याचा सूर. याच खटल्यात 2012 मध्ये केंद्र सरकारने देशात सुमारे 25 लाख समलिंगी पुरुष असल्याचे सांगितले होते, आणि हा आकडा आला होता आरोग्य खात्याच्या एचआयव्हीच्या अंदाजातून. राज्ययंत्रणेने या माणसांना पहिल्यांदा मोजले ते नागरिक म्हणून नव्हे, ‘जोखमीचा गट’ म्हणून. आणि 25 लाखांचा समूह नगण्य ठरवला गेला.

दोनशे खटल्यांचा युक्तिवाद तर मुळातच लंगडा होता. ते दोनशे म्हणजे वरच्या न्यायालयांपर्यंत पोचून निकालपत्रांत उरलेले खटले. पोलीस ठाण्यातले आकडे निराळेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2015 या एकाच वर्षात कलम 377 खाली 1,347 गुन्हे नोंदवले. त्यातल्या 814 प्रकरणांत पीडित लहान मुले होती, म्हणजे साठ टक्के. हे गुन्हे गंभीर आहेत आणि त्यांच्यासाठी 2012 पासून पॉक्सो कायदा आहेच. संमतीने जवळ आलेल्या प्रौढांना या कलमाचा जाच व्हायचा तो बहुतेक वेळा गुन्हा नोंदवलाच न जाता. बागेच्या कोपऱ्यात किंवा बसस्थानकामागे धरायचे, ‘घरी कळवू का?’ म्हणायचे, खिसा रिकामा करून सोडायचे. या व्यवहाराची स्टेशन डायरीत नोंद होत नसते, त्यामुळे तो कुठल्याच तक्त्यात येत नाही. 2017 च्या ऑगस्टमध्ये खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ‘संख्या थोडी म्हणून हक्क थोडा’ हा तर्क खोडून काढला आणि 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांच्या संमतीचे संबंध कलम 377 मधून बाहेर काढले.

सोलापूरकरांना यादीत नाव चढण्याची भीती वेगळी समजावून सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायद्याचा पारधी, कैकाडी, भामटा यांना बसलेला फटका आपल्याला माहीत आहे. सोलापुरात या जमातींसाठी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती आणि त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. 1871 च्या मूळ कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात राबवलेल्या त्या भागाप्रमाणे सरकारने त्यांची नावे नोंदवही करून लिहायची होती. नोंद झालेल्या माणसाने बायकी वेश करून रस्त्यावर दिसायचे नाही, नाचगाणे करायचे नाही. केले तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. ‘नालसा’ निकालात या कायद्याचा उल्लेख आहे.

आता 2019 मध्ये संसदेने मंजूर केलेला तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा पाहा. तो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्यात तृतीयपंथी माणसाला घराबाहेर किंवा गावाबाहेर काढणे, मारहाण, लैंगिक अत्याचार, आर्थिक छळ, सगळ्याला मिळून शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षे. 1871 मध्ये त्या माणसाने साडी नेसली तर दोन वर्षांपर्यंत, आणि 2019 मध्ये त्याच्यावर कोणी लैंगिक अत्याचार केला तरीही दोन वर्षांपर्यंतच. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. ही दरी कार्यकर्त्यांनी विधेयक मांडले गेले तेव्हापासून दाखवली. त्यात 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली आणि कलम 377 त्यातून पूर्णच गळाले. संमतीच्या संबंधांचा प्रश्न 2018 मध्येच मिटला होता. जबरदस्तीच्या प्रकरणात पुरुषाला किंवा तृतीयपंथी व्यक्तीला जो आधार त्या कलमात उरला होता, तोही या झाडलोटीत गेला.

इतके असूनही मतदारयादीतला आकडा चढत गेला आहे. महाराष्ट्रात 2014 ला 918, 2019 च्या लोकसभेला दोन हजारांच्या पुढे, 2024 च्या लोकसभेला साडेपाच हजारांच्या वर आणि त्याच वर्षी विधानसभेला सहा हजारांहून अधिक. दहा वर्षांत साडेसहा पट. 2011 च्या आकड्याशी ताडले तर चाळिसांतला एक आता सहांतला एक झाला. देशभरात 2019 ला असे 39,075 मतदार होते आणि त्यांचे मतदान 14.64 टक्के. 2024 ला मतदार 48,272 आणि मतदान 27.09 टक्के. टक्केवारी जवळपास दुप्पट झाली, पण माणसांत मोजले तर सुमारे 5,700 वरून 13,000 वर. त्याच निवडणुकीतले एकूण मतदान 65 टक्क्यांच्या पुढे आहे. यादीत नाव आले तरी मतदानाच्या दिवशी दोनच रांगा असतात, पुरुषांची आणि बायकांची. कुठल्या रांगेत उभे राहायचे आणि कोणाच्या नजरा झेलायच्या, याचा विचार करूनच बरेच जण घरी बसतात.

हा चढ आपोआप आला नाही. 2019 ला महाराष्ट्रात निवडणूक आयोगाने तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांना मतदार जागृतीसाठी सदिच्छादूत नेमले, त्याचे फोटो सगळीकडे झळकले. पण नावनोंदणी फोटोने होत नाही. कोणीतरी तृतीयपंथीयांच्या वस्तीवर जाऊन फॉर्म भरावे लागतात. मुंबईतला हमसफर ट्रस्ट 1994 पासून, सांगलीतली संग्राम 1992 पासून, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी सुरू केलेला समपथिक ट्रस्ट 2002 पासून काम करतो आहे. या संस्थांच्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या लहान गटांच्या कामाचा मोठा भाग आधी एचआयव्ही तपासणी आणि निरोध वाटपाचा होता. त्याच ओळखीपाळखीवर पुढे रेशनकार्ड, आधार, बँक खाते, मतदार ओळखपत्र यांची कामे उभी राहिली.

यातली मेख पत्त्याच्या पुराव्यात असते. घर सोडून गुरूकडे राहणाऱ्या चेल्याच्या नावावर ना वीजबिल ना भाडेकरार. जन्मदाखला गावाकडे, शाळेचा दाखला जुन्या नावाचा, आधारवरचा फोटो मिशीतला. 2019 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ओळखपत्राची सोय केली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. नियमाप्रमाणे तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. 2023 च्या अखेरीपर्यंत देशभरात मिळालेली ओळखपत्रे पंधरा-सोळा हजारांच्या घरात होती. 4,87,803 शी तुलना केली तर तिसांत एक. 2014 च्या मतदारयादीतही हिशेब इथेच अडला होता. अर्ज ऑनलाइन असला तरी प्रतिज्ञापत्रात एक अक्षर चुकले की तो परत येतो, आणि माळशिरसहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. एसटीत दीड-दोनशे डोळे चुकवत ती वारी दोनदा करायची आणि त्या दिवसाची मंगती (मागून मिळणारी कमाई) बुडवायची, हा खर्च कुठल्याच अर्जावर लिहिलेला नसतो.

ओळखपत्राचा उपयोग दिसला की अर्ज येतात, हे पोलीस भरतीने दाखवले. 2022 मध्ये अर्जात तिसरा पर्याय नव्हता. आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने आणि मग मुंबई उच्च न्यायालयाने सरकारचे कान उपटले, तेव्हा तो आला. मुदत हातातोंडाशी आलेली असताना 73 अर्ज दाखल झाले. राज्याच्या मानाने 73 म्हणजे चिमूटभर, पण आदल्या भरतीत हा आकडा शून्य होता आणि शून्यच असणार होता.

समलिंगी स्त्री-पुरुषांना मात्र आजवर असा कुठलाच रकाना मिळालेला नाही. जनगणना लिंग विचारते, कोणावर जीव जडतो ते विचारत नाही, आणि विचारू नये हेच बरे. त्यामुळे सोलापुरातल्या एखाद्या चादरीच्या कारखान्यात किंवा विडी कामगारांच्या वसाहतीत किती मुली लग्नाला नाही म्हणून मार खातात, याचे त्रैराशिकही मांडता येत नाही. सरकारी कागदांत ही माणसे अगदी अलीकडेपर्यंत दोनच ठिकाणी आली, कलम 377 च्या गुन्ह्यांत आणि एचआयव्हीच्या अहवालांत. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क एकमताने नाकारला. जोडप्यांच्या नात्याला नागरी मान्यता देण्याच्या मुद्द्यावर न्यायमूर्ती तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने दोन पत्रके काढली. एकत्र राहणारे समलिंगी जोडपे एकाच रेशनकार्डावर येऊ शकते आणि संयुक्त बँक खाते उघडू शकते, असे त्यांत स्पष्ट केले. ऐकायला किरकोळ वाटेल, पण रेशनकार्डावर नाव चढले की ‘एका कुटुंबातले’ असा सरकारी शिक्का पहिल्यांदाच बसतो. तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात हे पत्रक दाखवून असे कार्ड मागायला जाणारे पहिले जोडपे कुठल्या तालुक्यातले असेल, याची मला उत्सुकता आहे.

पुढची जनगणना आता दारात आहे. तिचा संदर्भदिन 1 मार्च 2027. ‘नालसा’ आणि 377 या दोन्ही निकालांनंतरची ही पहिलीच मोजणी, आणि या वेळी घरबसल्या स्वतः माहिती भरण्याचीही सोय आहे. एकट्याने राहणाऱ्याला किंवा गुरूच्या घरात राहणाऱ्या चेल्याला ती उपयोगी पडेल, कारण शाळामास्तरांसमोर तोंड उघडावे लागणार नाही. कुटुंबात राहणाऱ्याचे मात्र फारसे बदलत नाही, मोबाइल बहुधा बापाच्याच हातात असणार. सोलापूर जिल्ह्याचा आकडा जाहीर झाला की त्याच्या शेजारी आणखी दोन मांडावेत: जिल्ह्याच्या मतदारयादीतले ‘इतर’ मतदार आणि जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली ओळखपत्रे. मतदार आणि ओळखपत्रे वाढून जनगणनेचा आकडा 1,570 च्या बराच खाली राहिला, तर माणसे कचेरीत जाऊन सांगू शकतात पण घरात नाही, असा त्याचा अर्थ लावावा लागेल. उलट जनगणनेचा आकडा फुगला आणि बाकीचे दोन जागचे हलले नाहीत, तर अडचण घरात नाही, कचेरीत आहे, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांना विचारता येईल.